गवताच्या दिवसांतली हाक

दुकानासमोर गवताचा टेम्पो थांबला की माझं शिलाई मशीनही थांबतं. ड्रायव्हर टपरीवर चहाला उतरतो आणि मागे रचलेल्या पेंड्यांचा वास रस्ता ओलांडून सरळ माझ्या दुकानात शिरतो. रेवदंड्यात एरवी हवेवर मासळीचा हक्क. वाळत घातलेले बोंबील, ओली जाळी, होड्यांचं डिझेल, ओहोटीचा चिखल. त्यातून वाट काढत हा कोरडा, किंचित गोडसर वास येतो आणि कळतं, कार्तिक लागला. तिकडे पालीच्या पलीकडे, डोंगराच्या पोटाशी, बायका इळे घेऊन गवत कापायला शिरल्या. इथे ब्लाऊजची एक बाही शिवायची राहिलेली असते, गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं, आणि मी सुई वर करून नुसती बसून राहते.

"काकी, लागली का तंद्री?" गिऱ्हाईक विचारतं. लागते बाई, लागते. काय करू?

तशी मी हळवी वगैरे नाही. मला माणसं आवडतात, गप्पा आवडतात, भांडण तर फारच आवडतं. पण हे गवताचे पंधरा-वीस दिवस माझ्या ताब्यात नसतात. या दिवसांत मला हाक ऐकू येते. "बाय!" अशी. आता या गावात बाय म्हणून कोणीही कोणालाही हाक मारतं. मासळीवाली गिऱ्हाइकाला मारते, आई मुलीला मारते. मी प्रत्येक हाकेला ओ देते. रस्त्यावरून कोणी तिसरीलाच हाक मारत जातं आणि मी दुकानातून "ओ!" म्हणून उठते. लोकांना सवय झाली आहे. आमचे हे रेवदंडा-अलिबाग रिक्षा चालवतात, ते तर पाशिंजरांना सांगतात, "काही काम नसलं तरी आमच्या मंडळींना हाक मारून बघा. ओ फुकट मिळते."

हसू दे. त्यांना माहीत नाही, मी एकदा ओ दिली नव्हती.

माझं माहेर डोंगराखालचं. पालीहून मिनीडोर जिथवर जातो तिथून पुढे तासभर चालायचं. आमच्याकडे रानात वागायची एक रीत होती. एका हाकेला ओ द्यायची नाही. तीन हाका आल्या तरच त्या माणसाच्या. एकच आली तर ती चकव्याची. चकवा म्हणजे वाटसराला भुलवून भलतीकडे नेणारं भूत. आणि तो मेला इतका हुशार, की ओळखीच्या आवाजातच बोलावतो. त्यामुळे आवाज जितका जवळच्या माणसाचा, तितकं घट्ट तोंड मिटून राहायचं.

हे मला दादानं शिकवलं. माझा थोरला भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. मी पाच-सहा वर्षांची असेन. तो कारवीच्या झुडपात लपायचा आणि हळूच एक हाक मारायचा, "बायss!" मी खुळी लगेच "ओ" म्हणायची. मग तो बाहेर येऊन माझा कान धरायचा. "मेलीस! नेली तुला चकव्यानं. आता जेवायला तुझं ताट न्हाय." असं कितीदा तरी. शेवटी मी शिकले. तो हाका मारी आणि मी ओठ आवळून उभी राही, आणि तिसऱ्या हाकेला ओ देई. तेव्हा तो मला खांद्यावर बसवून घरी आणायचा. एवढा आनंद व्हायचा त्याला.

मी एकवीस वर्षांची होते तेव्हाचा कार्तिक. दादाच्या लग्नाला तिसरं वर्ष. वहिनी माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं. ती मला रीतीप्रमाणे वन्सं म्हणायची, अहोजाहो करायची आणि वर चिमटेही काढायची. दादा गवताच्या दिवसांत सुकटीच्या खेपा करायचा. रेवदंड्याहून सुकट-बोंबील आणायचा, गोणी पाठीवर मारायचा, घाट चढून वरच्या गावांत विकायचा. जाताना ओझं असे म्हणून सोप्या म्हसवाटेनं. येताना रिकामा, म्हणून बोरीच्या नाळेनं. नाळ म्हणजे डोंगरातली उभी घळ. जवळची वाट, पण पायाखाली सगळे सुटे दगड. तीन दिवसांची खेप. त्या दिवशी तो वरच्या गावांत असायला हवा होता, घरी यायचा होता दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

आम्ही दोघी आमच्या टेपाडावर गवत कापत होतो. ऊन कलायला लागलं होतं. साडीत कुसळं घुसली होती, पाठ मोडून आली होती, आणि वहिनी तिच्या माहेरच्या कुठल्याशा लग्नातली फजिती सांगत होती. तेवढ्यात समोरच्या डोंगरातून हाक आली.

"बायsss!"

मी ताठ उभी राहिले. वहिनीही उठली. दोघी डोंगराकडे बघत राहिलो.

"एक झाली," वहिनी हळू आवाजात म्हणाली. "थांबा, वन्सं. तीन होऊंदेत."

आम्ही थांबलो. गवतावरून वारा गेला. एक टिटवी ओरडून गेली. दुसरी हाक काही आली नाही. मग वहिनी वाकली, मी वाकले. "चकवा असंल," मी म्हणाले. "असंल," ती म्हणाली. लग्नातली फजिती अर्धीच राहिली, ती पुढे तिनं कधी सांगितली नाही.

दादा दुसऱ्या संध्याकाळी आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गावातली माणसं वर चढली. नाळेतल्या उंबराखाली, कातळावर, तो सापडला. माल लवकर खपला म्हणून एक दिवस आधी निघाला होता. पाय घसरून मांडीचं हाड मोडलं होतं. पालीचे डॉक्टर माझ्या वडलांना म्हणाले, पडल्यावर बराच वेळ जीव होता, वेळेवर कोणी पोचलं असतं तर वाचला असता. मी दाराला टेकून उभी होते.

तो आवाज दादाचा होता हे मला पहिल्या क्षणी कळलं होतं. कळलं, म्हणूनच तर मी गप्प बसले. हे मी कोणाला सांगितलं नाही. वहिनीला तर मुळीच नाही. तिला वाटलं असणार, असेल कुणाची तरी हाक. तिचं कुंकू माझ्या गप्प बसण्यानं गेलं हे तिला कोणत्या तोंडानं सांगू? मूलबाळ नव्हतं. दुसरं लग्न कर म्हणून माझी आईच तिच्या मागे लागली होती. ती ऐकेना. आईवडलांचं म्हातारपण तिनं काढलं, भात तिनं लावलं, गवत तिनं कापलं. मी लग्न होऊन रेवदंड्याला आले आणि माहेरी गेले की तिच्या हातचं जेवून, तिनं बांधून दिलेले वाल-तांदूळ घेऊन परत येऊ लागले.

एक पळवाट मात्र मी मनात जपून ठेवली होती. ती नाळ आमच्या टेपाडापासून लांब. मध्ये ओढा, मध्ये दाट झाडी. कदाचित तिथून हाक पोचतच नसेल. मग ती हाक दादाची नव्हती. मग मला खरोखरच चकव्यानं हाक मारली होती आणि मी वागले ते बरोबरच होतं. माणूस कशावर जगतो बघा! भुतानं आपल्याला बोलावलं असावं म्हणून मी पंचवीस वर्षं देवाला हात जोडत होते.

गेल्या वर्षी गुडघे दुखायला लागले. दिवसभर मशीन मारून दुसरं काय होणार? डॉक्टर म्हणाले, जिने कमी करा. मी घरी येताना हिशेब केला, की आता नाही गेले तर कधीच जाणार नाही. दादाची खेप एकदा पायांनी करायची. म्हसवाटेनं वर, वरची गावं, आणि नाळेनं खाली. आणि उंबराखालच्या कातळावरून एक हाक मारून बघायची, पोचते का.

घरी एवढंच सांगितलं, की दादाच्या वाटेनं चालून यायचंय. एकटीला.

"एकटी?" आमचे हे जेवता जेवता थांबले. "या वयात हे कसलं खूळ? मी येतो की."

"तुम्हाला अलिबागच्या स्टँडवर चार पायऱ्या चढताना दम लागतो."

"मग गावातलं कोणी घे बरोबर."

कोणी बरोबर असलं तर मला ती हाक मारता आली नसती. पण हे त्यांना कसं सांगणार? मी भांडले. भांडणात मी सहसा हरत नाही.

मग सगळा भाद्रपद-आश्विन तयारीत गेला. पहाटे उठून पुळणीवर चालायचं, आधी अनवाणी, मग बूट घालून. लुगड्यातल्या बायका मासळी निवडता निवडता विचारायच्या, "काय गो, साखर झालीय काय तुला?" मी हो म्हणायची. आठवड्यातून दोनदा साळावचा पूल ओलांडून कोर्लईच्या किल्ल्यावर चढायचं, पाठीवर आठ किलो तांदूळ. पाठपिशवी मीच शिवली, होडीवरच्या जुन्या ताडपत्रीची. खांद्याच्या पट्ट्यांत गोधडीची चिंधी भरली. पहिल्यांदा चढले तेव्हा पायांत असे गोळे आले की उतरताना मी बसून बसून उतरले, आणि वर आलेल्या कॉलेजच्या मुलींनी मला पाणी पाजलं. पाचव्या-सहाव्या खेपेला मात्र एका दमात वर गेले. वरून एकीकडे समुद्र, एकीकडे खाडी. पूर्वेला, हवा स्वच्छ असली तर, सह्याद्रीची निळी रेघ. मी समुद्राकडे पाठ करून बसायची.

आमच्या ह्यांनी निघायच्या सकाळी माझ्या गळ्यात एक शिट्टी अडकवली. "वाट चुकलीस तर ही वाजव. हाका मारत बसू नको, तुझा आवाज घोगरा. लोक पळून जातील." मग रिक्षेनं रोह्याच्या गाडीपर्यंत सोडलं आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीपाशी उभे राहिले. त्यांचं हे असं. तोंडानं कधी धड बोलायचं नाही.

वहिनीनं मात्र एकही प्रश्न विचारला नाही. मी माहेरी पोचले, बेत सांगितला. ती तांदूळ निवडत होती. "नाळेनं उतरनार?" एवढंच विचारलं. मी हो म्हणाले. "तेरवा दुपारी आमी टेपाडावरच असू," ती म्हणाली. सकाळी तिनं नाचणीच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली. दादालाही हेच बांधून द्यायची.

म्हसवाटेनं चढताना मी दादाला शोधत होते हे खोटं कशाला बोलू? पिवळं गवत डोक्याएवढं. मध्येच दवानं ओली सावली, मध्येच तापलेला कातळ. हल्ली ट्रेकवाली पोरं दगडांवर पांढरे बाण काढून ठेवतात, त्यामुळे वाट चुकायची भीती नव्हती. पण बाण नसते तरी पाय गेलेच असते असं वाटत होतं. एकट्यानं चालताना पहिला तासभर आपणच आपल्याशी बडबडतो. मग बडबड संपते. मग नुसता आपला श्वास. आणि मग कारवीची वाळकी काठी काठीवर घासते, तिचा आवाजही कोणीतरी बोलावल्यासारखा वाटतो. मी थांबायची. मोठ्यानं "ओ!" म्हणायची. एकदा दरीतून वानरं खाकरली, त्यांनाही ओ दिली. पंचवीस वर्षांचं तुंबलेलं सगळं त्या दोन दिवसांत त्या डोंगराला देऊन टाकलं म्हणा.

वरच्या पहिल्या गावात एक म्हातारी भेटली. ओसरीवर वाल सोलत बसली होती. मी पाणी मागितलं, कुठून आलीस, कोणाची कोण, झालं. सुकटवाल्याची बहीण म्हटल्यावर तिनं वाल बाजूला सारले आणि माझा हात धरला.

"लई बडबड्या व्हता बाई तुझा भाऊ. सुकट कमी नि गप्पा जास्ती. घरातल्या सगळ्यांच्या नकला करायचा. त्याची बाय कशी तोंड मिटून हुबी ऱ्हाती, ते बी करून दावायचा." आणि त्या म्हातारीनं ओठ आत ओढून, डोळे मोठे करून, मला माझीच पाच वर्षांची नक्कल करून दाखवली.

मी हसले. हसता हसता रडायलाच लागले. म्हातारीला वाटलं भावाच्या आठवणीनं रडतेय. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "त्या खेपेला ऱ्हा म्हनलं व्हतं त्याला एक दिस. न्हाई ऱ्हायला. घरची याद येती म्हनला."

दुसऱ्या दिवशी पठारावरून मी फार कमी थांबत चालले. डाव्या हाताला कडा, खाली कोकण धुरकट. इतकं सुंदर दिसत होतं की रागच आला. माणसाच्या घरात काहीही घडो, हे आपलं दरवर्षी तसंच सोनेरी होणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाळेच्या तोंडाशी उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. पायाखालची वाट सरळ खाली पडत होती. मी देवाचं नाव घेतलं आणि बसत, सरकत, दगड चाचपत उतरायला लागले. दोनदा दगड सुटले आणि खाली गडगडत गेले, त्यांचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला. गुडघे रडत होते. ऊन डोक्यावरून कलल्यावर उंबर दिसला. त्याच्या बुंध्याशी सपाट कातळ. गावातल्या माणसांनी सांगितलं होतं, अगदी तसाच.

मी पिशवी उतरवली. कातळावर हात ठेवला. गरम होता. मग वळून पाहिलं. समोर, मधल्या झाडीच्या शेंड्यांवरून, आमचं टेपाड स्वच्छ दिसत होतं. पिवळ्या गवतात पाच बायका. त्यातली एक लाल सदऱ्यातली, ती वहिनी. कुसळं टोचू नयेत म्हणून तो पूर्ण बाह्यांचा सदरा मीच शिवून दिला होता.

म्हणजे दादाला आम्ही दिसत होतो.

मला हाक मारायची नव्हती. खरं सांगते, तिथून पाय लावून पळून जावंसं वाटलं. माझी पळवाट अजून शाबूत होती, ती कशाला मोडायची? पण एवढं चढून-उतरून तिथवर आणलेले पाय हलेनात. मी तोंडाभोवती हात धरले आणि दादा मारायचा तशीच मारली.

"बायsss!"

समोरच्या पाचही बायका ताठ उभ्या राहिल्या. पाचही तोंडं डोंगराकडे वळली. थोडा वेळ गेला. मग एक वाकली, दुसरी वाकली. लाल सदराही वाकला आणि गवतात बुडाला.

हाक पोचली होती. एकच हाक, आणि पोचली होती. दादानं आम्हाला उठून उभं राहिलेलं पाहिलं. ऐकलंय हे त्याला कळलं. आणि मग त्यानं आम्हाला वाकताना पाहिलं. आपणच शिकवलेलं बहिणीनं बरोबर पाळलं, हेही त्याला कळलं असणार. दुसरी हाक मारायला त्याच्यात त्राण उरलं नसेल.

मी कातळावर आडवी पडून रडले. कोणी ऐकायला नव्हतं, म्हणून मोठ्यानं रडले. "चुकलं रे दादा," एवढंच पुन्हा पुन्हा. किती वेळ गेला ते कळलं नाही. घशाला कोरड पडली तेव्हा उठले, पाणी प्याले आणि उतरायला लागले. शिट्टी आठवली नाही, हाक मारावीशी वाटली नाही. वहिनीला आज सांगून टाकायचं, मग ती दारात उभं करो की न करो, एवढं ठरवलं. पुढची नाळ कशी उतरले ते मला आजही सांगता येणार नाही.

नाळ संपते तिथे कोरडा ओढा आहे. ओढ्यातून कोणीतरी वर चढत होतं. लाल सदरा. पन्नाशीची बाई, एका हातात इळा, दुसऱ्या हातानं दगड धरत, धापा टाकत चढत होती.

"वहिनी? तू इकडं कुठं?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझे हात, पाय, डोकं. मग मटकन दगडावर बसली.

"तुमी बऱ्या हाव ना?"

"मला काय झालंय?"

"हाक आली."

"एकच मारली मी."

"व्हय. एकच आली. बायका बोलल्या, तीन होऊंदेत. मी वाट न्हाय बघितली. चपला घातल्या नि निघाले."

ती वाकली होती ती चपला घालायला. मी तिच्याजवळ बसले. सांगायचं ठरवलं होतं ते सगळं तोंडाशी आलं होतं, पण तिनंच इळा खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"वळखला मी तुमचा आवाज." तिनं सदऱ्याच्या बाहीतलं एक कुसळ उपटलं. "तवाबी वळखला व्हता, वन्सं. त्यांचाच व्हता. तुमी ओ देयाला तोंड उघडलंवतं, नि मी तुमाला थांबा बोलले. तुमच्या भावाला मी... तुमाला सांगाया तोंड न्हवतं मला."

एवढी वर्षं तिनं मला वाल-तांदूळ बांधून दिले होते. मी तिचा हात हातात घेतला. गवत कापून कापून खरखरीत झालेला.

"मीपण ओळखला होता, वहिनी," मी म्हणाले. "मीपण."